सवलत कायद्यात आली, घरात कधी येणार?

दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी केंद्राचे अंदाजपत्रक येते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे झळकतात. २०२५ साली 'बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही' हा मथळा आपण सर्वांनी वाचला. कचेरीत, रेल्वेच्या डब्यात, चाळीच्या गॅलरीत त्यावर चर्चा झाली. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत आणखीही पुष्कळ बदल झाले. विम्याच्या हप्त्यावरील कर गेला, बँकेतील वारसनोंदीचे नियम बदलले, सोने तारण कर्जाची नवी नियमावली आली. १९६१ सालचा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा अमलात आला. यांतील बहुतेक बदल साध्या माणसाच्या हिताचे आहेत. तरीही ज्यांच्यासाठी ते झाले, त्यांपैकी अनेकांच्या घरी त्यांचा एक पैसाही पोहोचत नाही, असे आमच्या पाहण्यात येते.

याचे कारण उघड आहे. सवलत कायद्यात लिहिलेली असते, पण ती आपल्या पायांनी चालत घरी येत नाही. एखादे घोषणापत्र भरावे लागते, एखादी सही करावी लागते, एखादा कागद मागून घ्यावा लागतो. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या बँक, विमा आणि वकील यांच्याशी व्यवहार चालत आला आहे, त्या घरांतील मुलांना हे आपोआप कळते. आपल्याकडे तसे नाही. आपल्या आजोबांनी गाव सोडले आणि गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत काम धरले. वडिलांनी शिकून नोकरी मिळवली आणि पोटाला चिमटा काढून शिल्लक टाकली. ती शिल्लक सांभाळण्याचे ज्ञान मात्र वारशाने मिळालेले नाही, ते आपल्यालाच मिळवावे लागणार आहे.

हा विषय आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये. बाबासाहेबांचे विद्वत्तेचे पहिले मोठे काम अर्थशास्त्रातीलच होते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लादता वा वसूल करता येणार नाही, असे राज्यघटनेचे २६५ वे कलम सांगते. तेव्हा कर किती, का आणि कोणत्या नियमाने घेतला जातो, हे विचारणे हा आपला हक्क आहे.

बारा लाखांचा खरा अर्थ

प्रथम प्राप्तिकर पाहू. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्के कर आहे. त्यापुढे दर चढत जातात आणि २४ लाखांवरील उत्पन्नास ३० टक्के कर लागतो. वाचक विचारतील, मग बारा लाखांपर्यंत कर नाही तो कसा? हिशेब साधा आहे. १२ लाख उत्पन्नावर २० हजार आणि ४० हजार मिळून ६० हजार रुपये कर होतो. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर हे ६० हजार रुपये सूट म्हणून माफ होतात. पगारदारास व निवृत्तिवेतनधारकास त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांची मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते.

उत्पन्न १२ लाखांहून थोडेसेच अधिक झाले तर एकदम साठ हजारांचा बोजा पडेल, अशी भीतीही नको. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झाले, तर कर साधारण वरच्या १० हजारांपुरताच घेतला जातो. उपकर काय तो वेगळा.

करमुक्ती आणि करमाफी यांतील भेद मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे. तिच्या वर उत्पन्न असलेल्याने विवरणपत्र भरलेच पाहिजे, मग शेवटी कर शून्य का निघेना. 'आपल्याला कर नाही, मग फॉर्म कशाला?' असे म्हणून पुष्कळजण स्वस्थ बसतात. पुढे घरकर्ज हवे असते, मुलाला परदेशी शिक्षणासाठी पाठवायचे असते, तेव्हा बँक तीन वर्षांची विवरणपत्रे मागते आणि हाती काहीच नसते. आणखी एक गोष्ट. शेअर्स व म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर जो विशेष दराचा कर आहे, त्याला ही सूट लागू नाही. अलीकडे आपली तरुण मुले मोबाईलवरून शेअर्सची खरेदी-विक्री करतात. 'बारा लाख माफ' या समजुतीवर त्यांनी विसंबून राहू नये.

२०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली आहे. जुनी हवी असेल तर ती आपण निवडावी लागते. नव्या प्रणालीत विम्याचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधी वा मुलांची शाळेची फी दाखवून मिळणारी दीड लाखापर्यंतची वजावट नाही. याचा एक परिणाम असा की, 'साहेब, मार्च आला, कर वाचवायचा तर पॉलिसी घ्या' हे एजंटाचे बोलणे नव्या प्रणालीतील नोकरदारास आता निरर्थक आहे. विमा घ्यावा, पण तो घरातील कर्त्या माणसाच्या जिवाच्या मोलाने, कर वाचवण्यासाठी नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या वजावटीच्या निमित्ताने आपल्या लोकांची सक्तीने का होईना, बचत होत असे. ती सक्ती आता गेली. कर वाचला म्हणून हातात आलेले पैसे हप्त्यावरच्या मोटारसायकलीत आणि लग्नाच्या मंडपात गेले, तर सवलतीचा लाभ आपल्याला न होता दुकानदाराला होईल. वाचलेला कर पगाराच्याच दिवशी आवर्ती ठेवीत वा भविष्यनिर्वाह निधीत टाकावा, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

व्याजातून कापलेले पैसे

आपल्या भगिनींनी हा भाग मुद्दाम वाचावा. बँकेतील ठेवीवरचे व्याज एका मर्यादेपलीकडे गेले की बँक त्यातून १० टक्के कर आधीच कापून घेते. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा साधारण ठेवीदारास वर्षाला ५० हजार रुपये आणि ६० वर्षांवरील ज्येष्ठांस १ लाख रुपये झाली आहे. पूर्वी ती अनुक्रमे ४० व ५० हजार होती.

समजा, पतीच्या निधनानंतर एका भगिनीस मिळालेले ९ लाख रुपये तिने बँकेत ठेवले. ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ६३ हजार होते. तिचे दुसरे उत्पन्न नगण्य आहे, म्हणजे तिला कर मुळीच लागत नाही. तरी बँक ६,३०० रुपये कापून घेईल. का? कारण 'मला कर लागत नाही' हे तिने बँकेला कळवले नाही. ते कळवण्याचे घोषणापत्र असते. जुन्या कायद्याखाली ते साठीच्या आतील व्यक्तीसाठी १५-जी आणि ज्येष्ठांसाठी १५-एच या नावांनी ओळखले जाई. नव्या कायद्यात नियम व फॉर्म नव्याने मांडले गेले आहेत. म्हणून जुन्या नावावर अडून न बसता बँकेत जाऊन 'व्याजातून कर कापू नये याचे घोषणापत्र द्या' असे सरळ मागावे. ते दरवर्षी, शक्यतो एप्रिल महिन्यातच भरावे. गेल्या वर्षीचे यंदा चालत नाही.

कर कापला गेलाच, तर तो बुडाला असे समजू नये. विवरणपत्र भरले की तो परत मिळतो. पण विवरणपत्र भरले नाही तर तो सरकारजमाच राहतो, आणि अशी कितीतरी लहान रक्कम गरिबाघरची तशीच पडून राहते. पॅन दिलेले नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापले जातात. पॅन आधारशी जोडलेले नसेल तरीही जादा दराचाच फटका बसतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. कर लागत असताना 'लागत नाही' असे खोटे लिहून देणे हा गुन्हा आहे. तसेच पतीने आपले पैसे पत्नीच्या नावाने ठेवले, तर त्यांचे व्याज कायद्याने पतीच्या उत्पन्नात मोजले जाते. निवृत्तीचे पैसे घरच्या माणसांच्या नावांवर वाटताना हे लक्षात असू द्यावे.

कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनींसाठीही एक तरतूद आहे. हे वेतन पगारात धरले जात नाही, म्हणून ७५ हजारांची वजावट त्यावर मिळत नाही. त्याऐवजी वेतनाचा एकतृतीयांश भाग किंवा २५ हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती नव्या प्रणालीत वजा होते. विवरणपत्र भरून देणारा ही वजावट विसरला तर त्यास आठवण करून द्यावी.

विम्याचा हप्ता आणि वाण्याचे बिल

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून देशात लागू झाला. हा कर श्रीमंत-गरीब सर्वांकडून सारखाच घेतला जातो, म्हणून तो गरिबाला अधिक जाचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यात मोठा फेरबदल झाला. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून मुख्यतः ५ आणि १८ असे दोनच ठेवले गेले, आणि चैनीच्या व अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर आला. साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. शिलाई यंत्र आणि सायकल १२ वरून ५ वर आली. मुलांच्या वह्या, पेन्सिली व खोडरबर यांवरील कर गेला. घर बांधणाऱ्यांसाठी सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आले.

यांत आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो ती सवलत विम्याची आहे. व्यक्तीने स्वतः घेतलेल्या आयुर्विमा व आरोग्यविमा पॉलिसींवर आता हा कर नाही. पूर्वी कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा हप्ता २० हजार असेल तर वर ३,६०० रुपये कर भरावा लागे. ज्यांनी महाग म्हणून हा विमा घेतला नव्हता, त्यांनी पुन्हा एकदा चौकशी करावी. विमा कंपनीने मूळ हप्ताच वाढवलेला नाही ना, हे मागील वर्षीची पावती शेजारी ठेवून पाहावे.

ठेव कुठे ठेवली आहे?

निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे होतात आणि महिन्याभरात फंड व ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात येते. आयुष्यात प्रथमच एवढा पैसा एकदम दिसतो. त्याच सुमारास दारात माणसे येऊ लागतात. कोणी दोन टक्के व्याज अधिक देतो, कोणी महिन्याला पाच टक्के देतो, कोणी तर आपलाच नातलग असतो.

येथे तीन दर्जे नीट ओळखले पाहिजेत. पहिला दर्जा बँकेचा. राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो वा सहकारी, बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ही रक्कम १९९३ पासून १ लाख होती, ती ४ फेब्रुवारी २०२० रोजी ५ लाख झाली. मुद्दल आणि व्याज मिळून एका ठेवीदारास एका बँकेत ५ लाख, असा तिचा अर्थ आहे. त्याच बँकेच्या चार शाखांत चार खाती उघडली म्हणून वीस लाख सुरक्षित होत नाहीत. सगळी बेरीज एकच धरली जाते. पंधरा लाख असतील तर ते तीन-चार बँकांत विभागावे, आणि व्याज धरूनही पाच लाखांची सीमा ओलांडणार नाही असे पाहावे.

हे सांगण्याचे कारण मुंबईकरांना ठाऊक आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीस खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १ हजार रुपये काढण्याची मुभा होती. औषधाला पैसे नाहीत म्हणून म्हातारी माणसे बँकेच्या दारात रडली. त्या अनुभवानंतर २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराच्या हाती पडावी, असे ठरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

दुसरा दर्जा पतसंस्था वा पतपेढीचा. गावोगावी पतसंस्थांनी लहान माणसाला कर्ज दिले, हे त्यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. परंतु पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, आणि वर सांगितलेला पाच लाखांचा विमा तिच्या ठेवींना लागू नाही. तेव्हा तेथे शेअर असावा, लहानशी ठेवही असावी, पण आयुष्याची पुंजी तेथे ठेवू नये.

तिसरा दर्जा योजनावाल्यांचा. साखळी जोडा, आठवड्याला परतावा घ्या, दागिना घ्या आणि वर व्याज घ्या, असे हे प्रकार असतात. नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने सरळ बंदी आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा वेगळा कायदाही आहे. त्याखाली गुन्हा दाखल होतो, मालमत्ता जप्त होते, पण पैसे परत यायला वर्षे लोटतात. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. इतका नफा कोणत्या प्रामाणिक धंद्यात होतो, हा एकच प्रश्न समोरच्याला विचारावा. तो माणूस आपल्या जातीचा, गावचा किंवा आपल्या विहारात येणारा आहे, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

घरातील कर्ता माणूस गेला की दुःखासोबत कागदांचा डोंगरही घरावर कोसळतो. कोणत्या बँकेत खाते होते, पासबुक कोठे आहे, नाव कोणाचे लावले आहे, काहीच ठाऊक नसते. आईने विचारायचे नाही आणि बापाने सांगायचे नाही, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. ती मोडली पाहिजे.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीसाठी एकाऐवजी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ते दोन प्रकारांनी होते. एक, चौघांना टक्केवारीने एकाच वेळी, ज्यात बेरीज शंभर झाली पाहिजे. दुसरा, एकामागून एक, म्हणजे पहिली व्यक्ती हयात नसेल तर दुसरीला. लॉकरसाठी मात्र दुसराच प्रकार चालतो. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी आईचे नाव लावले आणि आई आता नाही, त्यांनी हा फॉर्म आजच बदलावा.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. नॉमिनी म्हणून ज्याचे नाव आहे, तो त्या पैशाचा मालक होत नाही. बँकेकडून पैसे स्वीकारून ते खऱ्या वारसांना देणारा तो विश्वस्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवीबाबत हे पूर्वीच स्पष्ट केले होते, आणि २०२३ साली शेअर्सबाबतही तेच तत्त्व सांगितले. मग खरे वारस कोण? मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा त्यातील दुसऱ्या कलमाने बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार मृत पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, या सर्वांचा सारखा वाटा असतो. लग्न झालेल्या मुलीचा वाटाही मुलाइतकाच आहे. थोरल्या भावाचे नाव बँकेत आहे म्हणून बहिणींना आणि आईला बाजूला सारणे हे कायद्यात बसत नाही.

नामनिर्देशन नसेल तर काय? पूर्वी अशा वेळी विधवेला न्यायालयाचा वारस दाखला आणण्यासाठी महिनोन् महिने हेलपाटे घालावे लागत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आणि बँकांना ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणण्यास सांगितले. वारसांत तंटा नसेल आणि मृत्युपत्राचा प्रश्न नसेल, तर १५ लाखांपर्यंतचा दावा आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचा दावा सोप्या कागदांवर निकालात काढायचा आहे. सर्व कागद दिल्यापासून १५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर ठेवीवर त्या काळाची भरपाई व्याजाने द्यावी लागते. बँकेत 'कोर्टातून दाखला आणा' असे कोणी म्हणाले, तर या निर्देशांचा शांतपणे उल्लेख करावा आणि उत्तर लेखी मागावे.

आपल्या घरांत नावांचाही घोळ फार असतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत लग्नापूर्वीचे. आडनाव बदललेल्यांचा प्रश्न तर त्याहून अवघड. हा घोळ माणूस जिवंत असतानाच निस्तरावा, मागाहून तो फार महाग पडतो.

दहा वर्षे ज्या खात्याकडे कोणी फिरकले नाही, त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. ती बुडत नाही, वारसाला केव्हाही मागता येते. कोणत्या बँकेत आपल्या माणसाचे पैसे पडून आहेत हे शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' ही सोय इंटरनेटवर आहे. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वा मुलीने आजोबांचे नाव घालून एकदा पाहावे.

गहाण पडलेले डोरले

मुलीची फी, दवाखाना, पेरणी, अशा अडचणीच्या वेळी आपल्या भगिनींच्या गळ्यातील सोनेच कामी येते. रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने-चांदी तारण कर्जाची नवी नियमावली काढली. १ एप्रिल २०२६ ही तिच्या अंमलबजावणीची शेवटची मुदत होती. बँका व वित्त कंपन्या या दोघांनाही ती बांधील आहे.

अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के. मुदतीअखेर एकरकमी फेडायचे कर्ज असेल तर या टक्केवारीत पुढचे व्याजही धरले जाते, म्हणून हातात थोडे कमी पडते. असे कर्ज १२ महिन्यांहून अधिक मुदतीचे नसते.

याहून महत्त्वाचे म्हणजे कर्जदाराचे हक्क. दागिन्याची पारख कर्जदारासमोर झाली पाहिजे. वजन, शुद्धता, खड्यांची वजावट आणि किंमत लिहिलेला दाखला त्याला मिळाला पाहिजे. अटी त्याला समजणाऱ्या भाषेत असाव्यात, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या कर्जदाराला त्या कंपनीचा नोकर नसलेल्या साक्षीदारासमोर समजावून सांगाव्यात. कर्ज फिटले की दागिना त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. सावकाराच्या बाजूने उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. लिलाव करायचा तर आधी नोटीस दिली पाहिजे, आणि कर्ज वळते करून उरलेली रक्कम कर्जदाराला परत दिली पाहिजे. लिलावानंतर आपले काही उरले आहे, ही कल्पनाच पुष्कळ भगिनींना नसते, आणि त्या विचारायला जात नाहीत. गल्लीतील सावकाराला ही नियमावली लागू नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे.

गटाने मिळणाऱ्या सूक्ष्म कर्जाबद्दलही दोन शब्द. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज तारणाशिवाय मिळते. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करता कामा नये, अपशब्द वा धमकी तर मुळीच नाही. व्याजाच्या दराला मात्र ठरावीक कमाल मर्यादा नाही, म्हणून दोन ठिकाणी विचारल्याशिवाय सही करू नये.

घरोघर एक वही

बँकेविरुद्ध वा वित्त कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर प्रथम तिच्याकडेच लेखी द्यावी. तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

आता आमची शेवटची विनंती. प्रत्येक घरात एक जाड पुठ्ठ्याची वही करावी. तीत बँकांची नावे व खाते क्रमांक, ठेवींच्या तारखा, विम्याच्या पॉलिसी, नॉमिनीची नावे, कर्जे आणि तारण ठेवलेल्या दागिन्यांचे वजन लिहावे. एटीएमचा गुप्त क्रमांक मात्र कोठेही लिहू नये. ही वही पती-पत्नी दोघांनी मिळून लिहावी आणि ती कोठे ठेवली आहे हे वयात आलेल्या मुलामुलींना माहीत असावे.

आपल्या वस्त्यांतून बँकेत, विम्यात, कर खात्यात आणि शाळांत नोकरी करणारे शेकडो शिकलेले बंधू-भगिनी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार, एखादे दोन तास, विहारात वा समाजमंदिरात बसून लोकांची घोषणापत्रे, नॉमिनीचे फॉर्म आणि दावे भरून द्यावेत. यासाठी निधी लागत नाही, मंडप लागत नाही, पाहुणा लागत नाही. एक टेबल आणि दोन पेने पुरतात. व्याजातून कापले गेलेले सहा हजार तीनशे रुपये एका विधवा भगिनीला परत मिळाले, तर तेवढ्यात तिच्या मुलाची वर्षाची वह्या-पुस्तके होतील.

एप्रिल दरवर्षी येतो. पुढच्या एप्रिलची वाट न पाहता या रविवारीच वही उघडावी.